दुसऱ्या सहीपूर्वी : गोव्यातील विवाहपूर्व करार आणि वकिलाची गरज

विवाह होण्याआधी वधू-वरांनी आपापल्या मालमत्तेचे, कर्जाचे आणि पुढे होणाऱ्या कमाईचे काय व्हावे हे लेखी ठरवून ठेवले, तर त्या लेखाला विवाहपूर्व करार म्हणतात. असा करार वकिलावाचून करता येतो का, या प्रश्नाला भारतात सर्वत्र लागू पडेल असे एक उत्तर नाही. कारण पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातून गोव्यात शिरले की त्याच कागदाचा परिणाम उलटा होतो, आणि वकील हवा की नको या वादात हीच गोष्ट बहुधा ध्यानात घेतली जात नाही.

महाराष्ट्रातील हिंदू दांपत्याच्या बाबतीत विवाहामुळे एकाच्या मालमत्तेवर दुसऱ्याची मालकी निर्माण होत नाही. नवऱ्याच्या नावावरचे घर नवऱ्याचे राहते, बायकोच्या नावावरची ठेव बायकोची राहते, आणि स्त्रीधन, म्हणजे स्त्रीला विवाहाच्या निमित्ताने व अन्य प्रसंगी मिळालेली मालमत्ता, तिचे एकटीचे असते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३ सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार निरर्थक ठरवते, आणि या कलमाच्या कसोटीवर विवाहविषयक करार वारंवार अडकलेले आहेत. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ साली टेकैत मोन मोहिनी जेमादाई खटल्यात, लग्नापूर्वी जावयाने कायम सासुरवाडीतच राहण्याचे दिलेले वचन बंधनकारक मानण्यास नकार दिला होता. पोटगीचा हक्क आगाऊ सोडून देणारे किंवा मुलांचा ताबा आधीच ठरवून टाकणारे कलम आजही न्यायालयाला बांधत नाही. म्हणून पुण्या-मुंबईत स्टॅम्प पेपरवर केलेला विवाहपूर्व करार हा बव्हंशी हेतूचा पुरावा असतो, हक्काचे साधन क्वचितच असतो.

गोव्यातील स्थिती निराळी आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे पोर्तुगीज राजवटीत लागू झाली, १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर १९६२च्या प्रशासन कायद्याने पूर्वीचे कायदे चालू ठेवले, आणि खुद्द पोर्तुगालने १९६७ पासून नवी संहिता अमलात आणल्यावरही गोव्यात कौटुंबिक बाबींत जुनीच संहिता राहिली. वारसाहक्काचे व नोटरीविषयक भाग पुढे गोवा विधानसभेच्या २०१२च्या कायद्यात नव्याने मांडले गेले. हा कायदा २०१६च्या अखेरीस अमलात आला. या व्यवस्थेचा कणा म्हणजे सामाईक मालकी : वधू-वरांनी विवाहापूर्वी वेगळे काही ठरवले नसेल, तर दोघांची आधीची व नंतरची, कमावलेली व वारशाने आलेली सारी मालमत्ता, कायद्याने वगळलेल्या थोड्या बाबी सोडून, दोघांची होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. संहितेच्या कलम ११०८मध्ये या व्यवस्थेला देशाच्या रूढीनुसार होणारा विवाह असे म्हटले आहे.

ज्यांना ही रूढ व्यवस्था नको असेल त्यांना संहिता पर्याय देते. विवाहापूर्वीची मालमत्ता ज्याची त्याची आणि विवाहानंतर मिळवलेली तेवढी सामाईक, असे ठरवता येते. सर्वच मालमत्ता कायमची वेगळी, असेही ठरवता येते. दोत म्हणून वधूबरोबर येणाऱ्या मालमत्तेची वेगळी व्यवस्था हा आणखी एक पर्याय संहितेत आहे, पण तो आज जवळपास ग्रंथातच उरला आहे. पर्याय कोणताही असो, त्याला दोन अटी आहेत. करार नोटरीच्या वहीत नोंदलेल्या दस्ताच्या रूपातच झाला पाहिजे, आणि तो विवाहापूर्वी झाला पाहिजे, कारण विवाह झाल्यावर त्यात बदल करता येत नाही. गोव्यात विवाहाची नोंदणी दोन टप्प्यांत होते : सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत विवाहाचा इरादा जाहीर करणारी पहिली सही, आणि हरकतींसाठी ठेवलेली मुदत संपल्यावर विवाह पक्का करणारी दुसरी सही. मांडवातले विधी कधीही होवोत, हिंदू जोडप्याच्या मालमत्तेचा प्रश्न या दुसऱ्या सहीला निकालात निघतो. येथील चर्चा वधू आणि वर दोघेही गोवेकर असलेल्या विवाहापुरती आहे. दोघांपैकी एक बाहेरचा असला की कोणता कायदा लागू होतो, हा निराळा आणि गुंतागुंतीचा विषय आहे.

या पार्श्वभूमीवर दोन भूमिका समोरासमोर ठेवणे उपयोगाचे होईल. पहिली भूमिका फोंडा भागातील एका निवृत्त शिक्षकाची कल्पिली आहे, ज्यांच्या मुलाचा विवाह ठरला असून वडिलोपार्जित घर वेगळे राहावे यासाठी ज्यांनी कराराचा मसुदा स्वतःच लिहिला आहे. दुसरी भूमिका मडगावात इन्व्हेंटरीचे दावे, म्हणजे मृत व्यक्तीच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याच्या न्यायालयीन प्रक्रिया, चालवणाऱ्या एका वकीलबाईंची आहे. दोघांत परिचय व आदर आहे. मतभेद मात्र खरा आहे.

मास्तर : बाई, कायद्याने जिथे वकील मागितलेला नाही तिथे तो आणायचा कशासाठी? दस्त तयार करणारा नोटरी हा येथे सरकारी अधिकारी असतो. तो दोघांची ओळख पटवतो, साक्षीदार घेतो, दस्त वाचून दाखवतो, कायद्याविरुद्ध काही असेल तर थांबवतो. एवढे झाल्यावर वकिलाचे काम उरते कुठे? दोन घरांनी आपली माणसे बसवून, आपल्या भाषेत, काय द्यायचे आणि काय राखायचे हे बोलावे, कागदावर उतरवावे आणि नोटरीपुढे जावे. वकील आला की बोलण्याचा सूर बदलतो आणि सोयरिकीची बैठक दाव्याच्या तारखेसारखी वाटू लागते.

वकीलबाई : मास्तर, कायदा वकील मागत नाही हे अगदी बरोबर आहे, आणि ज्यांना असे वाटते की वकिलाच्या सहीवाचून करार निरर्थक ठरेल, त्यांची समजूत चुकीची आहे. पण नोटरीचे काम कुठे संपते तेही पाहायला हवे. तो दस्त खरा आणि नियमात आहे याची खात्री करतो. या दस्ताने मुलीचे काय जाते, हे तिला एकटीला बसवून समजावणे त्याच्या कामात येत नाही, आणि त्याने तसे केले तर तो एका बाजूचा सल्लागार ठरेल. शिवाय नोटरी म्हटले की बरेच जण बाजारातल्या नोटरीकडे जाऊन शिक्का मारून आणतात. १९५२च्या नोटरी कायद्याखालचा तो नोटरी वेगळा आणि २०१२च्या कायद्याखालचा विशेष नोटरी वेगळा. पहिल्याकडे केलेला करार विवाहाच्या मालमत्ता-व्यवस्थेला लागूच पडत नाही, आणि चूक कळेपर्यंत दुसरी सही होऊन गेलेली असते.

मास्तर : ती चूक टाळण्यास एक चौकशी पुरेशी आहे, तेवढ्यासाठी फी कशाला? आणि घराचा प्रश्न तुम्हांला ठाऊक नाही असे नाही. तीन भावांचे एक घर असते. प्रत्येक भावाचे लग्न सामाईक मालकीत होते, म्हणून प्रत्येक वहिनी आपल्या नवऱ्याच्या हिश्शाच्या निम्म्याची मालकीण होते. पुढे एक भाऊ लिस्बनला, दुसरा कुवेतला जातो, कोणाचे मूल इंग्लंडात स्थायिक होते, आणि घराची पडवी दुरुस्त करायची किंवा एक गुंठा विकायचा म्हटले तरी सगळ्या नवरा-बायकांच्या सह्या, नाहीतर मुखत्यारपत्रे जमवावी लागतात. घर पडते, पण सह्या जमत नाहीत. मुलाने विवाहापूर्वीच मालमत्ता वेगळी ठेवली तर निदान पुढच्या पिढीत ही संख्या दुप्पट होत नाही. यात मुलीवर अविश्वास कुठे आला?

मास्तरांचा हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा, कारण गोव्यातील पडक्या घरांमागे ही अडचण खरोखर आहे. स्थावर मालमत्ता विकताना पती-पत्नी दोघांची संमती लागते ही तरतूद घरातील बाईला रस्त्यावर येऊ न देणारी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण पिढ्यांमागून पिढ्या वाटणीवाचून गेल्या की तीच तरतूद घराला कुलूप घालते. वेगळी व्यवस्था मागणारा प्रत्येक जण लोभापोटी मागतो, असे मानणे अन्यायाचे होईल. पहिल्या विवाहाची मुले असताना दुसरा विवाह करणारे, किंवा व्यवसायासाठी मोठे कर्ज काढणारे आणि त्याची झळ जोडीदाराला लागू नये असे वाटणारे, यांचीही कारणे सरळ असतात.

वकीलबाई : घराचा प्रश्न खरा आहे, मास्तर, आणि तो सोडवलाच पाहिजे. प्रश्न इतकाच की तो सोडवताना तुमच्या मसुद्याने आणखी काय काय गेले. तुम्ही लिहिले आहे की दोघांची आजची व पुढची सर्व मालमत्ता कायमची वेगळी राहील. राखायचे होते एक घर. या वाक्याने मुलाची पुढची तीस वर्षांची कमाईही वेगळी झाली. मुलीने नोकरी सोडून मुले वाढवली, सासू-सासऱ्यांचे दुखणे काढले, आणि त्या काळात घेतलेला फ्लॅट, ठेवी, गाडी सगळे मुलाच्या नावावर झाले, तर त्यात तिचे काहीच नाही.

मास्तर : नवऱ्यामागे ते तिचेच नाही का? बायको वारस असतेच.

वकीलबाई : इथेच खरी मेख आहे, आणि ती वकील नसलेल्या माणसाला दिसत नाही, कारण ती विवाहाच्या प्रकरणात नसून वारसाहक्काच्या प्रकरणात आहे. महाराष्ट्रात १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलांच्या बरोबरीने तिला वाटा मिळतो. गोव्यात वारसांचा क्रम निराळा आहे. आधी मुले-नातवंडे, ती नसतील तर आई-वडील व त्यांच्या वरचे, तेही नसतील तर भावंडे आणि त्यांची संतती, आणि त्यानंतर चौथ्या क्रमांकावर हयात जोडीदार. मुले असताना बायको मृत्युपत्रावाचून नवऱ्याची वारसच होत नाही.

मास्तर : हे अन्यायाचे दिसते. एवढी वर्षे कोणी ओरड कशी केली नाही?

वकीलबाई : कारण सामाईक मालकीत तिला वारस होण्याची गरजच पडत नाही. नवरा गेला तेव्हा निम्मे तिचे आधीपासूनच असते. वाटणी होते ती त्याच्या निम्म्याची. संहितेची ही दोन कलमे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. विवाहपूर्व कराराने पहिले काढून घेतले की दुसरे तिच्यावर कोसळते. आकड्यांत पाहा. नवऱ्याच्या नावावर एक कोटीची मालमत्ता आहे, बायकोच्या नावावर काही नाही, मुले दोन आहेत आणि मृत्युपत्र नाही. सामाईक मालकीत पन्नास लाख तिचे, उरलेले पन्नास लाख दोन मुलांचे. पूर्ण वेगळ्या व्यवस्थेत कोटीच्या कोटी मुलांचे आणि तिचे शून्य. हेच कुटुंब सावंतवाडीचे हिंदू कुटुंब असते आणि नवऱ्याची आई हयात नसती, तर करार नसतानाही मालमत्तेचा तिसरा हिस्सा तिला वारस म्हणून मिळाला असता.

या ठिकाणी संवाद थोडा थांबवून एक गोष्ट ठळकपणे नोंदवणे आवश्यक वाटते. विवाहपूर्व कराराविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात तो आधुनिक आणि समानतेचा दस्तऐवज म्हणून पुढे केला जातो, आणि जेथे विवाहाने मालमत्तेत काहीच मिळत नाही अशा प्रदेशात ते काही अंशी समजण्यासारखे आहे; तेथे करार काही देऊ शकतो. गोव्यात मात्र मुलीला निम्मे आधीच मिळालेले असते, आणि करार बहुधा ते काढून घेण्यासाठीच केला जातो. म्हणून ‘वकिलाशिवाय करार’ या कल्पनेचे मूल्यमापन दोन्हीकडे एकाच मापाने करणे चूक आहे. जेथे सही करणारी व्यक्ती काही मिळवत आहे तेथे तिने सल्ल्यावाचून सही केली तर फार तर मिळायचे ते कमी मिळेल. जेथे ती काही सोडत आहे तेथे सल्ल्यावाचून केलेली सही तिच्या म्हातारपणापर्यंत पोहोचते, आणि विवाहानंतर ती मागे घेता येत नाही.

मास्तर : यावर उपाय मृत्युपत्राचा आहे. मुलाने बायकोच्या नावे करावे.

वकीलबाई : करावे, पण त्यालाही मर्यादा आहे. मुले असताना मालमत्तेचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. मृत्युपत्राने हवे त्याला देता येतो तो फक्त उरलेला निम्मा, म्हणजे ऐच्छिक हिस्सा. आपल्या उदाहरणात जास्तीत जास्त पन्नास लाख. शिवाय मृत्युपत्र करणारा ते कधीही बदलू शकतो. करार पक्का आणि मृत्युपत्र कच्चे, अशी ही अदलाबदल आहे. तुमच्या मसुद्यात मृत्युपत्राचा उल्लेखही नाही. आणि तो राहिला याचा दोष तुमच्या हेतूला देता येत नाही, कारण हे जोडकाम ठाऊक असल्याशिवाय सुचत नाही.

मास्तर : तरीही, बाई, प्रत्येक वेळी वकील हवाच असे जगातल्या न्यायालयांनीही म्हटलेले नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रॅडमाखर विरुद्ध ग्रानातिनो या खटल्यात जो निकाल दिला, त्यात करार जर्मनीत नोटरीपुढे झाला होता, नवऱ्याने स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेतला नव्हता, बायकोची संपत्ती किती याचा तपशीलही त्याला दिलेला नव्हता. तरी न्यायालयाने त्या कराराला निर्णायक वजन दिले. आपल्या नोटरी-पद्धतीशी इतके जुळणारे दुसरे उदाहरण कुठले?

वकीलबाई : उदाहरण चांगले आहे. पण तो नवरा बँकेत काम केलेला, व्यवहार जाणणारा माणूस होता. काय सोडतो आहे हे त्याला कळत होते, आणि हवा तर सल्ला घेण्याची संधीही होती, असे न्यायालयाला दिसले. न्यायालयाने कसोटी घातली ती ही की करार मोकळेपणाने आणि परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून केलेला असावा. त्याच खंडपीठात न्यायमूर्ती लेडी हेल यांनी वेगळे मत दिले, आणि अशा करारांचा हेतू सहसा आर्थिकदृष्ट्या दुबळ्या जोडीदाराला एरवी मिळाले असते ते मिळू न देण्याचा असतो व तो दुबळा जोडीदार बहुतेकदा स्त्री असते, याकडे लक्ष वेधले. गोव्याच्या बाबतीत त्यांचे मत अधिक लागू पडते. कॅलिफोर्नियाचा अनुभवही पाहावा. बेसबॉलपटू बॅरी बाँड्स आणि त्यांची पत्नी यांचा करार १९८८ साली लग्नाच्या आदल्या दिवशी झाला. तिच्या बाजूने वकील नव्हता, आणि ती मूळची स्वीडनची होती. २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने करार वैध मानला. त्यानंतर विधिमंडळाने कायदाच बदलला. आता ज्याला वकील नाही त्याने तो हक्क वेगळ्या कागदावर लेखी सोडावा लागतो, कराराने कोणते हक्क जातात हे त्याला समजणाऱ्या भाषेत लिहून द्यावे लागते, आणि कराराचा अंतिम मसुदा हाती आल्यापासून सहीपर्यंत सात दिवस जावे लागतात.

मास्तर : म्हणजे तेथेही वकिलाशिवाय करार होतो.

वकीलबाई : होतो, पण न कळता होत नाही. हा फरक आपल्याकडे कोणी घालून दिलेला नाही, म्हणून तो घरांनी स्वतः पाळायला हवा.

येथपर्यंत आल्यावर वकिलाचा प्रश्न थोडा मागे सरतो आणि मसुद्याच्या मजकुराचा प्रश्न पुढे येतो. कराराचा मोठा भाग कुटुंबानेच लिहायचा असतो. तो वकिलाला लिहिता येत नाही, कारण माहिती घरात असते. कोणते घर कोणाच्या नावे आहे, त्यात किती हिस्सेदार आहेत, कोणत्या बँकेचे कर्ज किती हप्त्यांचे उरले आहे, कोणती ठेव वडिलांच्या पैशाची पण मुलाच्या नावाची आहे, दागिने कोणी दिले, हे सगळे नीट लिहून काढणे हे कायद्यापेक्षा प्रामाणिकपणाचे काम आहे. महाराष्ट्रातील जोडप्यांसाठीही याला एक आधार आहे : हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५च्या नियमांत वधूला आणि वराला मिळालेल्या भेटवस्तूंच्या दोन वेगळ्या याद्या कराव्यात, त्यात वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे व दोघांनी सह्या कराव्यात असे सांगितले आहे. या यादीला वकील लागत नाही, आणि स्त्रीधनाच्या वादात तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा क्वचितच मिळतो. तरी ती कोणी करत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मास्तर : मग मसुद्यात बदल काय करावा, तेवढे सांगा.

वकीलबाई : पूर्ण वेगळ्याऐवजी मधला पर्याय घ्यावा. विवाहापूर्वीचे ज्याचे त्याचे, विवाहानंतर मिळवलेले दोघांचे. घर वेगळे राहते आणि मुलीचा पुढच्या संसारातला निम्मा वाटा जात नाही. पण हा पर्यायही एका ओळीत लिहिण्यासारखा नाही. जुन्या घरावर लग्नानंतर दोघांच्या पैशाने मजला चढवला तर त्या खर्चाचा हिशेब कसा व्हावा? लग्नापूर्वी घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते लग्नानंतरच्या पगारातून गेले तर? दागिने, वाहन, शेअर अशा जंगम वस्तूंची यादी दस्ताला जोडली नाही तर पुढे त्या विवाहानंतरच्याच धरल्या जाण्याचा धोका असतो. विवाहानंतर वडिलांकडून वारशाने येईल ते कोणत्या बाजूला जाईल, हेही स्पष्ट लिहावे. आणि अमेरिकी नमुन्यांवरून उतरवलेली पोटगी सोडण्याची, मुलांच्या ताब्याची कलमे काढून टाकावीत. ती न्यायालयात टिकत नाहीत आणि सोयरिकीत विनाकारण कडवटपणा आणतात.

मास्तर : आयकराचेही काहीतरी आहे म्हणतात.

वकीलबाई : आहे. १९६१च्या आयकर कायद्यात १९९४ साली कलम ५अ घातले गेले. सामाईक मालकीतील गोवेकर दांपत्याचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे भाडे, व्याज, धंद्याचा नफा, दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. पूर्ण वेगळी व्यवस्था घेतली की ही विभागणी जाते. करासाठी विवाहाची व्यवस्था ठरवू नये, पण ती ठरवताना हेही माहीत असावे. तसेच, मुलाचा फ्लॅट पुण्यात आहे म्हणून गोव्याचा कायदा त्याला शिवणार नाही असे धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जोस पाउलो कुतिन्हो खटल्यात, गोवेकराच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारसाहक्कालाही पोर्तुगीज संहिताच लागू होते असे ठरवले. तेथे वाद मुंबईतील मालमत्तेचा होता.

मास्तर : तुम्ही सांगता ते पाहता असे वाटते की घराचा प्रश्न मुला-मुलीच्या करारात घालायलाच नको होता. घर अजून आमच्या पिढीच्या नावावर आहे. ते देतानाच अट घातली तर?

वकीलबाई : ते सर्वांत सरळ. दानपत्रात किंवा मृत्युपत्रात, ही मालमत्ता घेणाऱ्याच्या विवाहातील सामाईक मालकीत जाणार नाही, असे देणाऱ्याने लिहिले तर ती वगळली जाते. मग वधूला काही सोडायला लावण्याचे कारणच उरत नाही. अट घालणारा आपल्या मालमत्तेला अट घालतो. मात्र मुलांच्या राखीव हिश्शावर अशी अट लादण्याचा प्रयत्न केला तर तिला आव्हान मिळेल; ती ऐच्छिक हिश्शात बसवावी लागेल, आणि घराची किंमत त्या हिश्शात मावते का हे मोजावे लागेल. बाकीच्या भावंडांचे हक्कही त्यात गुंतलेले आहेत. हे वकिलाचे काम आहे, पण यात वकील लागतो तो तुम्हांला. मुलीच्या मनावर त्याचा भार नाही.

मास्तर : आणि मधल्या पर्यायाचा करार केलाच, तर मुलीसाठी वेगळा वकील हवा, यावर तुम्ही ठाम आहात?

वकीलबाई : दोघांसाठी मिळून एक वकील असण्यापेक्षा एकही नसलेला परवडला, कारण एकाच वकिलाने केलेल्या मसुद्यात, ज्याने फी दिली त्याची बाजू नकळत जड होते आणि दुसऱ्याला मात्र वाटते की आपलीही बाजू पाहिली गेली. तिला वेगळा सल्ला हवा. तो तासाभराचा असला तरी चालेल, पण तो पहिल्या सहीच्या आधी मिळावा, म्हणजे नंतरच्या मुदतीत विचार करायला, नको म्हणायला आणि मसुदा बदलायला वेळ राहतो. पत्रिका वाटून झाल्यावर, हॉल ठरल्यावर, दुसऱ्या सहीच्या आठवड्यात समोर ठेवलेल्या कागदावर कोणती मुलगी नको म्हणेल?

मास्तर : तिच्या वकिलाची फी कोणी द्यायची? तिचे वडील म्हणतील, करार तुम्हांला हवा, खर्च आम्ही का करायचा. आणि आम्ही दिली तर तुम्हीच म्हणाल की वकील आमचा झाला.

वकीलबाई : करार ज्याला हवा त्याने द्यावी. वकील तिने निवडावा, त्याच्याशी बोलणे तिने एकटीने करावे, काय बोलणे झाले ते तुम्ही विचारू नये, आणि तिने शेवटी सही करायची नाही असे ठरवले तरी फी परत मागू नये. तेवढी तयारी असेल, तर तुमचा मसुदा आणि घराची, कर्जाची यादी आधी तिच्या घरी पाठवा.

मास्तरांनी यादी पाठवण्याचे मान्य केले. फी परत न मागण्याच्या अटीवर मात्र मुलाशी बोलून सांगतो, असे ते म्हणाले.